डाव्या हाताची कंटिन्युइटी

४ जानेवारी

प्रिय बिट्टी,

अगं, फोनवर धड बोलायला काय धाड भरलीय तुला? परवापासून अकरा वेळा लावला. दोनदा जावईबापूंनी उचलला. एकदा म्हणे तू झोपलीयस, एकदा म्हणे अंघोळीला गेलीयस. तिसऱ्यांदा तू उचललास तर स्पीकरवर टाकून बोललीस, जसं काही मी सभेला भाषण करायला उभी होते. म्हणून आज मुकाट्याने कागद घेऊन बसले. अक्षर वाचता येत नसेल तर सांग, कापडावर खडूने लिहायची सवय आहे माझी.

आधी आनंदाचं. तू त्या भाड्याच्या खोलीतून उठून आपल्या घरी परत गेलीस हे कळल्यापासून आईची तब्येत सुधारलीय. आठ महिने काय काढले आम्ही! तुम्ही दोघं खऱ्यातले नवरा-बायको, मालिकेतही नवरा-बायको, आणि मालिकेतही वेगळे झालेले. लोक संध्याकाळी सात ते साडेसात रडायचे, आम्ही दिवसभर. आता जावईबापू स्वतः आले, हात जोडून माफी मागितली, आणखी काय हवं माणसाला? संसार म्हटला की भांड्याला भांडं लागणारच. पण म्हणून भांडी उचलून कोणी दुसऱ्या घरात जातं का? नेमकं काय बिनसलं ते तू मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. "पटत नाही" एवढंच. तुझ्या भावोजींचं आणि माझं बावीस वर्षं पटत नाही, तरी चाललंय.

आई विचारतेय, मालिकेतला समेट कधी? रोज सातला खुर्ची ओढून बसते. आमच्या शिवणाच्या कारखान्यातल्या सहाही जणी साडेसहाला मशीन बंद करायला लागल्यात. शाळा सुरू झाली की पोरं अर्ध्या गणवेशात जाणार, ते पाप तुझ्या डोक्यावर.

तुझी,
ताई

१२ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं आणि मी मेकअप रूमच्या खुर्चीत बसून मोठ्याने हसले. हसू नकोस, तोंडावरचा बेस फाटतो, म्हणून मावशींनी दटावलं. या मावशी म्हणजे आमच्या रंगभूषेच्या मुख्य. नऊ वर्षांपूर्वी पहिल्या मालिकेत त्यांनीच माझ्या तोंडाला पहिला रंग लावला होता, अजून त्याच लावतात. सगळं युनिट त्यांना घाबरतं आणि त्या कुणालाच घाबरत नाहीत.

एक काम कर. पत्र घरी पाठवू नकोस. घरी कागद इकडेतिकडे होतात. स्टुडिओच्या पत्त्यावर पाठव, पण वर ठळक लिही, "मेकअप रूम, मावशींच्या हाती." नुसतं माझं नाव टाकलंस तर ते चाहत्यांच्या टोपलीत जाईल. चॅनेलने नवं खूळ काढलंय. दर शुक्रवारी आम्ही दोघं सोफ्यावर खेटून बसतो आणि टोपलीतली पत्रं कॅमेऱ्यासमोर उघडून वाचतो. "तुम्ही पुन्हा एकत्र आलात, डोळे भरून आले" वगैरे. हा वाचतो, मी लाजते. छान लाजते म्हणे मी.

चॅनेलला तर आकाश ठेंगणं झालंय. खरी जोडी जुळली, आता मालिकेतली जुळवायची. मार्चअखेर समेटाचा ट्रॅक. आईला सांग, तोपर्यंत जीव धरून बस.

इकडे सगळं ठीक. सेटवर हा माझ्यासाठी खुर्ची ओढतो, पाण्याची बाटली उघडून देतो. सगळ्या मुली म्हणतात, नवरा असावा तर असा.

फोनचं मनावर घेऊ नकोस. सेटवर फोन डब्यात जमा करतात, आणि घरी बोलायला निवांतपणा मिळत नाही. तू लिहीत जा. तुझी शिवीसुद्धा कागदावर बरी वाटते.

तुझी,
बिट्टी

९ फेब्रुवारी

प्रिय बिट्टी,

काय काम केलंस गं परवा! त्या ऑफिसच्या प्रसंगात तू वरच्या कप्प्यातली फाइल काढायला हात वर करतेस आणि बाही मागे सरकते, तेव्हा डाव्या दंडाच्या खाली ती काळीनिळी खूण दिसली ना, माझ्या अंगावर काटा आला. चार बोटं आणि एक अंगठा, अगदी मोजून घ्यावीत अशी. दुसऱ्या दिवशीच्या भागात तू मैत्रिणीला सांगतेस की लिफ्टच्या दारात हात सापडला. लिफ्टच्या दाराला बोटं असतात होय? लेखकाला म्हणावं, थोडं डोकं वापर. पण मावशींना माझा दंडवत सांग. रंगाने एवढं खरं दिसू शकतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या मशीनवरची एक जण तर म्हणाली, हे बघून माझा हात दुखायला लागला.

आई मात्र मधेच उठून आत गेली. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाली.

आता एक तक्रार. तुमच्या कपडेपटाला अक्कल आहे का? दिव्यांच्या एवढ्या उकाड्यात तुला मनगटापर्यंत बाह्या? सगळे ड्रेस पूर्ण बाहीचे, कफाला तीन तीन बटणं. मागच्या वर्षी कशा सुरेख अर्ध्या बाह्या असायच्या. आणि त्या हिरव्या ड्रेसची उजवी बाही डावीपेक्षा बोटभर लांब आहे, मला इथून टीव्हीत दिसतं. कोण शिवतं हे? त्याला माझ्याकडे पाठव, कान धरून शिकवते.

जावईबापू काय म्हणतात? त्यांचं वजन वाढलंय, सुखी दिसतात.

तुझी,
ताई

१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं कौतुक मावशींना वाचून दाखवलं. त्या ब्रश धुवायला उठून गेल्या.

त्या खुणेची गंमत सांगते. ती संहितेत नव्हतीच. फाइल काढताना बाही सरकली आणि ती कॅमेऱ्यात आली. शॉट छान झाला म्हणून दिग्दर्शकाने ठेवला. आता एकदा पडद्यावर दिसली म्हटल्यावर कंटिन्युइटी आली. म्हणजे कथेत जोवर तो दिवस चालू आहे, तोवर प्रत्येक शॉटमध्ये ती तिथेच, तशीच दिसायला हवी, नाहीतर तुझ्यासारखी कोणीतरी पत्र लिहिते. आमच्याकडे एक मुलगी फक्त तेवढंच बघते. तिने लगेच फोटो काढला आणि वहीत लिहिलं, "डावा हात, खूण." लेखकाने दुसऱ्या दिवशी लिफ्टचं दार लिहून दिलं. मला कोणी काही विचारलं नाही.

मालिकेत एक दिवस मावळायला तीन आठवडे लागतात हे तुला माहीतच आहे. माझ्या हातावरचं जातं, पण कथेतलं जात नाही. मग मावशी रोज सकाळी फोटो समोर ठेवून डाव्या हातावर ते पुन्हा काढतात. आणि कथेत नसलेलं जे काही असतं ते झाकतात. आहे की नाही मजा?

बाह्यांचं मीच सांगितलं कपडेपटाला. मला एसीत थंडी वाजते.

ताई, एक विचारायचं होतं. कारखान्यावरची ती खोली, जिच्यात आपण सुट्टीत झोपायचो, ती अजून रिकामी असते का? सहज विचारतेय. शूटिंगला सुट्टी मिळाली तर चार दिवस येईन म्हणते. एकटीच. आईला इतक्यात सांगू नकोस.

तुझी,
बिट्टी

१ मार्च

प्रिय बिट्टी,

स्पष्ट लिहिते, राग येऊ दे. वरची खोली रिकामी नाही. कापडाचे तागे रचलेत. आणि रिकामी असती तरी तुला एकटीला दिली नसती.

मी काय दूधखुळी आहे? "एकटीच." "आईला सांगू नकोस." म्हणजे पुन्हा काहीतरी खुट्ट झालं आणि बाईसाहेब निघाल्या. आत्ता कुठे दोन महिने झाले. तो माणूस खुर्ची ओढतो, बाटली उघडून देतो, जग त्याचं नाव काढतं, आणि तुझा राग नाकाच्या शेंड्यावर. लहानपणीही तशीच होतीस, खेळात हरायला लागलीस की डाव मोडून घरी. आता वय छत्तीस आहे. यायचं असेल तर दोघं या, खोली मी स्वतः झाडून काढते, नवी चादर घालते.

मी वाईट सांगत नाही. मागचे आठ महिने आई रोज मरत होती. तिला पुन्हा त्यातून नेऊ नकोस.

तुझी,
ताई

१४ मार्च

ताईंना मेकअपवाल्या मावशींचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखता, पण पत्रातूनच. मला फारसं लिहिता येत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. तुमचं एक तारखेचं पत्र बिट्टीने माझ्यासमोर वाचलं, घडी घातली आणि माझ्या डब्याच्या तळाशी ठेवलं. त्यानंतर ती तुम्हाला लिहिणार नाही असं वाटतं, म्हणून मी लिहिते. तिला न विचारता लिहिते.

तुम्ही माझी तारीफ केलीत त्या खुणेबद्दल. ताई, त्या दिवशी मी तिच्या हाताला हात लावलाच नव्हता. पूर्ण बाही होती, फक्त तोंडाचा मेकअप झाला होता. सेटवर सगळ्यांना वाटलं मावशींनी रंगवलंय, दिग्दर्शकांनी मला शाबासकीही दिली. मलाही आधी वाटलं, माझ्या हाताखालच्या मुलीने केलं असेल. संध्याकाळी मी कापूस घेऊन पुसायला बसले. पहिल्यांदा तेल लावलं. मग स्पिरिट लावलं. मग जोर लावला. ती "आई गं" म्हणाली तेव्हा मी थांबले. पुसलं जात नव्हतं, कारण तो रंग नव्हता.

तेव्हापासून रोजचं असं आहे. तीन आठवडे डाव्या हातावर मी खूण काढली, कारण ती कथेत होती. उजव्या हातावर, खांद्यावर, पाठीवर जे असतं ते झाकते, कारण ते कथेत नाही. निळ्यावर नारिंगी लावायचं, पिवळं पडलं की जांभळट. एकाच खुर्चीत, एकाच बाईवर. तीस वर्षं हे काम करते, असं काम कधी केलं नव्हतं.

ती म्हणते मावशी, समेटाचा ट्रॅक होऊ दे, मग बघू. मला ते बघवत नाही. तुम्ही मोठ्या आहात. काय ते ठरवा.

मावशी

२३ मार्च

बिट्टी, माझी बाळ,

मावशींचं पत्र आलं. मी तुला काय काय लिहिलं ते आठवून कात्रीने बोटं छाटावीशी वाटतात. चार बोटं आणि एक अंगठा, असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खाली दंडवत घातला. आंधळी आहे मी. बाही बोटभर लांब आहे हे मला दिसलं, आतला हात दिसला नाही.

आईला मावशींचं पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं ती कोसळेल. ती कोसळली नाही. म्हणाली, "मला ठाऊक होतं." मागच्या वर्षी घर सोडलंस तेव्हाच तू तिला सांगितलं होतंस म्हणे. आणि तिनेच तुला सांगितलं, ताईला बोलू नकोस, ती तोंडाची फटकळ आहे, गावभर बोभाटा करेल. मी विचारलं, मग परत कशी जाऊ दिलीस? तर म्हणते, "मला वाटलं, आता सगळं जग बघतंय, आता तो नीट वागेल." दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पण खरं तर मला तिला काही बोलायचा अधिकार नाही. तिने तुला गप्प केलं आणि मी तुला खोली नाकारली. दोघींनी मिळून केलं.

खोली मोकळी केलीय. तागे खाली आणले, भावोजींनी आतून कडी बसवलीय. मी सोमवारी, एकतीसला सकाळी येतेय. भावोजी सोबत आहेत. तू काही बांधू नकोस, काही ठरवू नकोस, त्याला काही कळू देऊ नकोस. हे पत्र साध्या टपालाने वेळेत पोचणार नाही म्हणून कुरिअरने पाठवते. नेसत्या कपड्यांनिशी ये.

तुझी,
ताई

२८ मार्च

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. तुम्हाला पत्र लिहायचा योग प्रथमच येतोय, याबद्दल आधी माफी मागतो.

तुमचं कुरिअर मिळालं. पण काय झालं, पाकिटावर फक्त तिचं नाव आणि स्टुडिओचा पत्ता होता, त्यामुळे ते चाहत्यांच्या टोपलीत पडलं. या आठवड्याचं पत्रवाचन शुक्रवारऐवजी बुधवारीच उरकलं. टोपलीत हात घातला तर तुमचंच पाकीट हाती आलं. कॅमेरा चालू, समोर पंधरा माणसं. फोडल्यावर ठेवता येईना. मी सगळं पत्र मनातल्या मनात वाचलं, हसलो, आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "तुमची जोडी अशीच राहो, एक ताई." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती शेजारीच बसली होती, तिने तुमचं अक्षर ओळखलं. अभिनय आमचा धंदा आहे, वेळ मारून नेली.

ताई, ती फार हळवी आहे, आणि सेटवरची माणसं भडकवतात. त्या मेकअपवाल्या बाईंबद्दल मी निर्मात्यांशी बोललोय. नवरा-बायकोत काय होतं ते बाहेरच्याला कळत नाही, हे तुम्हीच तिला वेळोवेळी लिहिलं आहे. त्या बाईंच्या डब्यात सापडलेली तुमची सगळी पत्रं आता मी वाचली. तुमचे विचार मला पटतात.

दुसरं, काळजीचं काही नाही, पण त्याच संध्याकाळी ती बाथरूममध्ये घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय. मी स्वतः दवाखान्यात पूर्ण वेळ तिच्याजवळ होतो. तेव्हा सोमवारी येण्याची तसदी घेऊ नये. घरात गडबड नको.

आईंना नमस्कार.

आपला,
धाकटा जावई

२ मे

प्रिय मावशी,

हे मी सांगतेय आणि ताई लिहितेय. माझा हात अजून बांधलेला आहे. (मावशी, मी जसं सांगते तसंच लिहितेय, शिव्या फक्त मनात घालतेय. ताई.)

त्या सोमवारी तुम्हाला मेकअप रूममध्ये येऊ दिलं नाही, म्हणून पुढचं तुम्हाला नीट माहीत नसेल. माझं मनगट मोडलं आणि लेखकाने दोन दिवसांत ते कथेत घेतलं. नायिका नवऱ्याला गाडीखालून वाचवताना पडते, हात मोडतो, नवरा तिला घास भरवतो आणि समेट होतो. सगळ्यांना ते फार आवडलं. दिग्दर्शक म्हणाले, देवानेच ट्रॅक दिला. त्या सकाळी तो मला चमच्याने भरवत होता. सात टेक झाले. प्रत्येक टेकला त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ग्लिसरीनशिवाय. मी प्रत्येक वेळी तोंड उघडत होते.

मिठीचा शॉट राहिला होता. लाइट लावत होते तेव्हा ताई आणि भावोजी आत आले. तो उठून ताईच्या पाया पडायला वाकला. ताई त्याला ओलांडून पुढे आली आणि मला म्हणाली, "चल." (मी आणखीही बोलले होते. ते इथे लिहीत नाही.) मी बसूनच राहिले. मला वाटलं, शॉट अर्धा आहे, एवढा देऊन जाऊ. खरंच असं वाटलं मावशी, लाज वाटते सांगायला. दिग्दर्शकही तेच म्हणाले, ताई, पाच मिनिटं थांबा, एवढी मिठी होऊ द्या. भावोजी कधी आवाज चढवत नाहीत, पण ते म्हणाले, "मिठी काय आहे ती आम्हाला दिसतेय, प्लास्टरमध्ये आहे." मग मी उठले. त्या ड्रेसमध्येच गाडीत बसले.

मिठी त्यांनी नंतर दुसरी मुलगी उभी करून पाठमोरी घेतली. अकरा भाग तयार होते, त्यामुळे पुढचे दोन आठवडे मी ताईच्या खोलीत होते आणि सात वाजता टीव्हीवर त्याच्या हातून जेवत होते. गल्लीतल्या बायका आईचं अभिनंदन करायला यायच्या. आईने टीव्ही माळ्यावर टाकायला लावला.

आता ज्यासाठी लिहितेय ते. आम्ही तक्रार केली. चौकीतले साहेब म्हणाले, "बाई, परवाच तर बघितलं, किती प्रेमाने भरवत होते." दवाखान्याच्या कागदावर घसरून पडली असंच आहे. ते मीच सांगितलं होतं, तो शेजारी उभा होता. आणि त्याच्या वकिलांनी कंटिन्युइटीची वही आणि सगळे फोटो दिलेत. तारीखवार. प्रत्येक फोटोत डाव्या हातावर तीच खूण, त्याच जागी, त्याच रंगाची. ते म्हणतात, या बाईच्या अंगावर जे काही कोणी पाहिलं असेल ते मेकअप आहे, हिचा धंदाच तो, पहा पुरावा. मी बोलायला तोंड उघडलं की समोरचा माझ्याकडे मालिका बघितल्यासारखा बघतो.

सतरा तारखेला सुनावणी आहे. मावशी, माझ्या अंगावरचं कुठलं रंगवलेलं आणि कुठलं खरं, हे तो आणि मी सोडून फक्त तुम्हाला माहीत आहे. तुमचं काम आधीच अडचणीत आलंय, माझ्यामुळेच. तुम्ही नाही म्हणालात तर मी समजेन. पण विचारल्याशिवाय राहवत नाही. हे जमलं नाही तर तो म्हणतो त्याप्रमाणे मला घरी परत जायचं आहे, कोर्टात त्याने तसाच अर्ज केलाय, बायको नांदायला पाठवा म्हणून.

(मावशी, मी कधी कोणापुढे पदर पसरला नाही. आज पसरते. ताई.)

तुमची,
बिट्टी

११ मे

बिट्टी बाळा,

तुझं पत्र सहा तारखेला मिळालं. उत्तराला पाच दिवस लागले, कारण मला आधी एक सांगायचं होतं आणि ते लिहवत नव्हतं.

चोवीस एप्रिलला मला ऑफिसात बोलावलं. त्यांनी छापलेला कागद पुढे केला, मालिकेत बाईंच्या अंगावर दिसलेल्या सगळ्या खुणा मी रंगवल्या आहेत, असा. म्हणाले, विम्याचं काम आहे, नेहमीचंच. तुझे फोटो पाहिले, खाली माझं नाव पाहिलं. मला कळलं होतं हे विम्याचं नाही. तरी मी सही केली. त्यांनी त्याच दिवशी मला परत कामावर घेतलं. आता मी नव्या नायिकेला रंगवते. तुझ्याच खुर्चीत बसते ती. तुझी भूमिका तिलाच दिलीय, अपघातात चेहरा बदलला असं दाखवलंय. तो तिच्यासाठी खुर्ची ओढतो.

तू मला शिव्या दे. ताईंनाही सांग, मनात ठेवू नका म्हणावं.

काल त्या पोरीच्या मानेला पावडर लावताना माझा हात थांबला. तिथे काही नव्हतं, साफ होती मान. पण मी शोधत होते. रोज सकाळी शोधते. मग घरी येऊन हे लिहायला बसले.

मी सतराला येते. मी सही केलेला कागद खोटा आहे हे आधी सांगेन, म्हणजे ते मला विचारायचे थांबतील. मग तुझं सांगेन. कंटिन्युइटीच्या फोटोंत खूण रोज सारखी दिसते, कारण कथेत तो दिवस संपलाच नव्हता, त्यामुळे मी काढलेली खूण कधी पिवळी पडली नाही. माणसाचं रक्त साकळलं की ते निळं होतं, हिरवं होतं, पिवळं होतं आणि जातं. तुझ्या उजव्या हातावरची मी रोज बघितली, निळ्याची पिवळी होताना आणि पिवळी जायच्या आत शेजारी नवी येताना. कोणी विचारलं तर कोर्टात डबा उघडून दाखवेन, झाकायचं नारिंगी किती झिजलंय आणि खूण काढायचं निळं किती.

वकील म्हणतील, म्हातारी पैसे खाऊन बोलते. म्हणू देत. काम जाईल हे मला माहीत आहे, त्यावरून माझी मुलगी घरात रोज बोलते. तुझ्या डाव्या हातावर मी सतरा वेळा खूण काढली. ती सतरा माझी. पहिली माझी नव्हती, आणि बाकीची एकही माझी नव्हती. एवढंच मला सांगता येतं.

मावशी